गोठ्याच्या भिंतीवरची बाई

वाचकांचे प्रश्न, कलाशिक्षकाची उत्तरं

प्रश्न : मी एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो. निवृत्त झाल्यापासून चित्रं काढतो. घरचे म्हणतात, उतारवयात मन लागावं म्हणून काढता ना, मग देवाचीच काढा, तेवढंच पुण्य. मला देव काही जमत नाहीत, रस्ते जमतात. काय करू?
– एक वाचक, कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : दादा, रस्तेच काढा. वडसा ते कुरखेडा रस्त्याचं वळण न् वळण तुमच्या हातापायात बसलेलं आहे. चैत्रात पहाटेच्या पहिल्या गाडीच्या उजेडात मोहाखाली वाकून फुलं वेचणाऱ्या बाया तुम्ही किती वर्षं पाहिल्या असतील! ड्रायव्हरच्या सीटवरून, त्या उंचीवरून, त्या उजेडात त्या तुम्हालाच दिसल्या. महागडे रंग घेऊ नका, २बी पेन्सिल आणि पाठकोरे कागद पुष्कळ झाले. देव वाटेत भेटला तर त्यालाही गाडीत घ्या. पण त्याच्यासाठी रस्ता सोडू नका.

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. हे पत्र माही नात लिहून राह्यली. मी सांगतो, थे लिहिते. मी चौथी शिकली, पन आता डोयाले अक्षर बारीक दिसते. तिले म्हनलं, मी जशी बोलतो तशीच लिही, सुधरवू नोको.

मी ६८ वर्साची. मालक जाऊन तीन वर्सं झाली. पोरानं घर सिमिटाचं बांधलं, आता भुई सारवाची राह्यली नाई, टाइल हाये. मांगचा गोठा तेवढा मातीचा हाये. ढोरं इकून टाकली, टॅक्टर घेतला, गोठा रिकामाच हाये. तरी मी त्याले सारवतो.

मालकाचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या दुसऱ्या दिशी सारवता सारवता वल्ल्या भितीवर बोटानं रेघ वढली गेली. मंग दुसरी वढली. मंग त्याची घागर झाली. तवापासून रोज पहाटेस गोठ्यात बसतो. गेरू, चुना, चुलीची काजळी, हयद. बाभयीची काडी चावून तिचा कुचा करतो. पराटी काढली, बैल काढले, आमची जुनी खाट काढली. पन फिरून फिरून एकच बाई येते. नाल्याच्या रेतीत झिऱ्यापाशी वाकून बसली हाये, कटोरीनं घागर भरून राह्यली. आमचा भाग खारपान्याचा, इहिरीचं पानी तोंडात धरवत नाई, मंग गोड पान्यासाठी झिराच. माही माय तशीच भरे, मी तिच्या पाठीशी उभी राहो. म्हनून मी समजतो का थे माही मायच हाये. पन तिचं तोंड मले काढता येत नाई. लुगडं होते, घागर होते, हातावरचं गोंदन होते, तीन टिपके अन् इंचू. तोंडापाशी आलं का हात थांबते. सहा-सात डाव काढली, सहाही-सातही डाव बिनतोंडाची राह्यली.

आता इचारतो. धा वर्सं झाली, मी श्रावनात गजानन महाराजाच्या पोथीचं पारायन करे. या साली नाई झालं. पहाटेचा येळ गोठ्यात जाते. शेजारची म्हने, “देव सोडून भितीले काय पुजून राह्यल्या?” मले रातभर झोप नाई लागली. हे खूय हाये का भक्ती? या वयात हे शोभते का?

दुसरं. दिवायी झाली का पोरगा गोठा पाडनार हाये, टॅक्टरसाठी टिनाचं शेड टाकाचं हाये. त्याचं बराबर हाये, टॅक्टर पान्यात उभा राह्यते. पन भित पडली का थे बाई जाते. नात म्हने, मोबाइलमंधी फोटो काढून ठेवतो. मी नाई म्हनलं. कावून नाई म्हनलं, ते माहं मले बी नाई समजलं.

अजून एक. मांगच्या अंकात तुमी लिहिलं होतं का अंगावरचं गोंदन बी चित्रच हाये, त्याच्याकडं पाहा. मले हासू आलं. माहं गोंदन लग्नाच्या दुसऱ्या साली बहिरमच्या जत्रेत काढलं, सासूनं जबरीनं बसवलं होतं. माह्या मायच्या हातावर टिपका बी नव्हता, तिच्या बापाले आवडे नाई.
– एक आजी, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, त्यातलं एकदा मोठ्यानं, घरातल्या सगळ्यांना बसवून. नातीला माझी शाबासकी सांगा. तिनं एकही शब्द सुधारला नाही, म्हणून तुम्ही माझ्यासमोर बसून बोलताय असं वाटत राहिलं.

झोप उडाली म्हणता, तर आधी पोथीचं बघू. दहा वर्षांचा नेम मोडला की मनाला लागणारच, आणि ते लागणं खोटं आहे असं सांगून मी तुम्हाला उगाच मोकळं करणार नाही. पण महाराज रागावले असतील, हे मनातून काढून टाका. पोथीचे अध्याय २१. दिवाबत्ती झाली की रोज एक. नातीनं वाचावा, तुम्ही ऐकावा, तुमच्या डोळ्यांनाही आराम. तीन आठवड्यांत पारायण पुरं होईल. श्रावण नसला म्हणून काय झालं? पहाट मात्र गोठ्याचीच राहू द्या. तीन वर्षांच्या एकटेपणात ती पहाट तुम्हाला सापडलेली आहे, ती कोणाच्या बोलण्यावर परत देऊ नका.

शेजारणीचं म्हणाल, तर नागपंचमीला त्याही भिंतीवर नाग काढून त्याला दूध-लाह्या दाखवत असतील. पोळ्याला बैलाच्या पाठीवर गेरूचे ठप्पे त्यांच्याही घरी उमटत असतील. त्यांच्या लहानपणी भुलाबाई मांडली जात असेल, समोर रांगोळी पडत असेल. आपल्याकडच्या बायांनी पिढ्यान् पिढ्या आधी हातानं काढलं आणि मग त्यालाच हात जोडले. भिंतीला पुजणं आपल्या घरांत नवं नाही. फरक एवढाच, की त्या दिवसांना काय काढायचं ते ठरलेलं असतं आणि तुमच्या भिंतीवर काय येणार ते तुम्हालाही ठाऊक नसतं. शेजारणीला बहुतेक त्याचीच भीती वाटली. तुम्हालाही थोडी वाटतेच आहे, नाहीतर मला पत्र कशाला लिहिलं असतं?

आता भक्ती की खूळ. भिंतीवर काढलं म्हणजे आपोआप भक्ती होते, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः कित्येक वर्षं चित्रं काढली आणि त्यात भक्तीचा अंशही नव्हता. ते सांगतो, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं.

मी ३३ वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना मुलं बसवली. स्मरणचित्राला ‘जत्रा’ आली की काय करायचं, हे मी त्यांना घोटवून घेत असे: पुढे फुगेवाला आणि लेकरू, मधे आकाशपाळणा, मागे देवळाचा कळस, कोपरा रिकामा राहिला तर झाड. मुलांना अ श्रेणी मिळायची. निवृत्त झाल्यावर मोठ्या हौसेनं रंग आणले, बोर्ड आणला आणि काढायला बसलो. काय आलं? फुगेवाला, आकाशपाळणा, कळस. कोपऱ्यात झाड. तालुक्याला प्रदर्शन झालं, शाल-श्रीफळ मिळालं, फोटो छापून आला. घरी येऊन ती चित्रं भिंतीला टेकवून ठेवली आणि मला काही केल्या त्यांच्याकडे बघवेना. धान कांडावं आणि सुपात नुसता कोंडा यावा, तसं झालं. मी रंग बांधून माळ्यावर टाकले.

त्यानंतर दोन वर्षं काहीच काढलं नाही. मग एका पावसाळ्यात बंगईवर बसून वर्तमानपत्र वाचता वाचता बॉलपेननं त्याच्या कडेला काहीतरी खरडत होतो, लक्ष भलतीकडे. रोजच तसं खरडत असलो पाहिजे. आमच्या घरच्यांनी रद्दी बांधायला काढली आणि एक पान माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “हे तर मामंजींचे काठ.” पाहतो तर खरंच. पानाच्या उभ्या कडेला वरपासून खालपर्यंत बारीक दाते, करवतीचे असावेत तसे. आदल्या दिवशीच्या पानावर तेच, त्याच्या आदल्या दिवशीच्याही.

ताई, माझे वडील कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, विणायचे. आंधळगावच्या अंगाचं आमचं गाव, भंडारा जिल्ह्यातलं. घरातच खड्डामाग होता, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो तो. करवती काठाच्या लुगड्यात मधल्या अंगाचा धागा आणि काठाचा धागा एकमेकांत अडकवत जावं लागतं, त्यासाठी आडवा धागा इकडून तिकडे नेणारे तीन धोटे चालतात. अंग आणि काठ जिथे भेटतात तिथे ते दाते उठतात. मी बाजूला बसून कांड्या भरायचो आणि मला त्या कामाची लाज वाटायची. उकडलेल्या कोशांचा वास हाताला, कपड्यांना लागायचा, पोरं नाक धरायची. मी नागपूरला कलाशिक्षकाची पदविका करायला निघालो तो त्या खड्ड्यातून सुटायला म्हणूनच. पुढे वडिलांनी माग विकला, तेव्हा मी घरीही गेलो नाही. मला चित्रकलेची गोडी शाळेतल्या एका सरांनी लावली, असं मी ३३ वर्षं प्रत्येक वर्गाला सांगत आलो. सर चांगलेच होते. पण ते खरं नव्हतं. माझी रेघ त्या खड्ड्यातून आली होती आणि माझ्या हाताला ते पहिल्यापासून माहीत होतं. मला ६१व्या वर्षी, रद्दीच्या पानावरून कळलं.

त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पुष्कळ रडलो. नंतर वर्षभर फक्त माग काढला. धोटा, फणी, खड्ड्यात सोडलेले वडिलांचे पाय. ती चित्रं कोणाला दाखवली नाहीत. त्या वर्षात मी वडिलांशी जेवढा बोललो, तेवढा ते असताना बोललो नव्हतो. याला भक्ती म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

म्हणून तुम्ही विचारलंत, तर मी एवढंच पाहीन: शेजारीण गेली, नात शाळेत गेली, चित्र बिघडलं, कोणी पाहणार नाही, तरी दुसऱ्या पहाटे तुम्ही पुन्हा काडी चावून बसता की नाही? तुम्ही बसता. सहा-सात वेळा बसलात. आणि आपण जे काढायला बसलो त्याहून वेगळं काही भिंतीवर उतरू लागलं तर ते पुसत नाही, त्याच्यापुढे थांबता. प्रदर्शनाच्या काळात मला हे थांबणं माहीतच नव्हतं.

वयाचं तर मनातही आणू नका. आपल्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात उमरिया जिल्ह्यातल्या लोढा गावच्या जोधईयाबाई बैगा यांनी कुंचला हाती धरला तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. नवरा गेलेला, उभं आयुष्य जंगलातून लाकूडफाटा आणण्यात आणि मजुरीत गेलेलं. त्यांनी त्यांचा मोह काढला, वाघ काढला, महादेव काढला आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्रीसाठी सांगत नाही. सत्तर वर्षं हातात काय काय साठून राहतं, ते बघा. आणि लिहिणाऱ्यांतले एवढे मोठे रवींद्रनाथ ठाकूर, त्यांनीही साठी उलटल्यावरच चित्रं मनावर घेतली. कवितेच्या वहीत खोडलेले शब्द ते रेघांनी जोडत जायचे, त्यातून पक्षी निघायचे, चेहरे निघायचे. पुढे दोन हजारांवर चित्रं झाली. सुरुवात खाडाखोडीतून. तुमची सारवणातून, माझी रद्दीतून.

आता भिंतीचं. मुलाशी वाद घालू नका, त्याचं बरोबर आहे हे तुम्हीच लिहिलंत. मातीची भिंत आज ना उद्या जायचीच. तुम्ही त्याच्याकडे एकच गोष्ट मागा: एक ताटी. गेल्या सालच्या तुराट्या आवारात पडून असतीलच. बांबूच्या कामट्यांवर सुतळीनं घट्ट बांधून चार हात लांब, तीन हात उंच ताटी त्याला एका संध्याकाळी करता येईल. तिला दोन्ही अंगांनी लिंपा. नुसती काळी माती घेऊ नका, ती वाळताना आक्रसते आणि भेगा पडतात. गोठा पडेल तेव्हा त्याच भिंतीची पांढरी माती पाटीत भरून ठेवा, ढेकळं फोडा, रात्रभर भिजवा, शेण आणि गव्हांडा घालून पायानं तुडवा. पहिला हात जाडसर, तो सावलीत वाळला की दुसरा पातळ. ताटी शेडच्या कडेला, पाऊस लागणार नाही अशी उभी करा. म्हणजे भिंत पडली तरी तिची माती तुमच्या हाताखालीच राहते. गेरू हाताला लागून पुसला जात असेल तर बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक रात्री भिजत घालून त्यात कालवा. हळद आणि चुना एकाच वाटीत जाऊ देऊ नका, हळद लाल होते. लालच हवा असेल तर मुद्दाम मिसळा. चुना दोन दिवस आधी भिजवून निवू द्या आणि चुन्याचा हात डोळ्याला लावू नका.

फोटोला तुम्ही नाही म्हणालात, ते मला फार पटलं. नातीला वाईट वाटलं असेल, तर तिला म्हणा, आधी शेजारी बसून तूही एक घागर काढ. फोटो मग बघू. ती बाई अजून पुरी आलेली नाही. अर्ध्या वाटेवरच्या माणसाचा फोटो काढला की आपण त्याची वाट पाहणं सोडून देतो.

राहिली तिच्या तोंडाची गोष्ट. इथे मी जपून बोलतो. ती बाई कोण, हे मी सांगू नये. रद्दीतलं पान मला दुसऱ्यानं दाखवलं हे खरं, पण दाते माझे होते. तरीही मी मास्तर, समोरचं चित्र नीट बघायची सवय जात नाही, आणि तुमचं चित्र तुमच्या पत्रातही आहे. तोंड जबरदस्तीनं काढू नका. नातीचा, देवीचा, कॅलेंडरवरच्या बाईचा चेहरा उसना आणून तिथे बसवू नका. हात थांबतो तिथे तुम्हीही थांबा, काडी खाली ठेवा, तिच्याकडे बघत बसा. पहाट फुकट गेली असं समजू नका.

आणि एक करा. नातीला सांगून या पत्राचा शेवट पुन्हा वाचून घ्या, बहिरमच्या जत्रेचा. आईच्या हातावर टिपकाही नव्हता, असं तुम्हीच लिहिलंत. मग झिऱ्यावरच्या बाईच्या हातावर सहा-सात वेळा तीन टिपके आणि विंचू कसे उमटले? माझं चुकत असेल, तसं असेल तर स्पष्ट लिहा, मला राग येणार नाही. पण पुढच्या वेळी ती काढायला बसाल तेव्हा तुमच्या पाठीशी कोण उभं आहे ते बघा. आणि तिचा हात आधी काढता की गोंदण आधी, तेवढं मला कळवा.